वासाचा बंदोबस्त

॥ श्री ॥

पुणे, १९ जानेवारी

चि. सौ. अक्षया हीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

सुखरूप पोचलो. लीलाआक्काच्या खुब्याचं ऑपरेशन झालं आणि आता ती दिवसभर पलंगावरून हुकूम सोडते आहे, म्हणजे तब्येत उत्तम. तिला उठवायला, चालवायला घरात कुणीतरी हवं. पाठच्या भावाशिवाय कोण आहे तिला? तेव्हा माझा मुक्काम पावसाळ्यापर्यंत तरी लांबेल. फोनवर मला धड ऐकू येत नाही आणि मोबाईलवर अक्षरं टिपत बसणं जमत नाही, म्हणून पत्रच लिहीत जा. आमच्या चिरंजीवांना मराठी वाचायला दिलं की ते चष्मा शोधायला जातात आणि परत येत नाहीत. सासऱ्याची पत्रं सुनेच्याच वाट्याला.

माझी ही दोन मुंगसाच्या चणीची फेरेटं, ठमी आणि रावसाहेब, सांभाळायचं तू आपणहून कबूल केलंस, याचं मला फार बरं वाटलं. डेरेकनं जाताना ती माझ्या हवाली केली. त्याच्यासारखा शेजारी पुन्हा मिळाला नाही. हिवाळ्यामागून हिवाळे आम्ही शेतांच्या बांधांवर काढले. आम्ही बिळांच्या तोंडाशी जाळी लावायची, ठमीनं आत शिरायचं आणि गहू खाणारे ससे बाहेर हुसकायचे. एवढीशी मादी, पण कधी रिकामी वर आली नाही.

वासाचं म्हणशील तर ट्रे रोज साफ करायचा आणि अंथरुणाची फडकी वरचेवर धुवायची. आंघोळ मात्र घालायची नाही. साबण लागला की त्यांची कातडी जास्तच तेल सोडते आणि वास वाढतो.

परीक्षितला आशीर्वाद. दोघांनी प्रकृतीस जपावं.
बाबा

---

बेसिंगस्टोक, इंग्लंड, ११ फेब्रुवारी

ती. बाबांना,
शि. सा. न.

आत्यांना बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. इथे अंधार, पाऊस आणि रावसाहेब. ठमीची काही तक्रार नाही हो, ती गुणाची आहे. सगळा प्रताप त्या नराचा. पिंजरे युटिलिटी रूममध्ये वॉशिंग मशीनशेजारी, त्यामुळे परीक्षितच्या शर्टांनासुद्धा तो वास लागतो. परवा मीटिंगमध्ये शेजारची बाई खुर्ची सरकवून बसली म्हणे.

रागावू नका, पण मी तुमचं ऐकलं नाही. बेबी शॅम्पूनं रावसाहेबांना आंघोळ घातली. दुसऱ्या दिवशी डबल वास! माझ्या बोटाला चावले ते वेगळंच.

पुढच्या महिन्यात आपल्या नव्या घराची वास्तुशांत आहे. आईबाबा नागपूरहून येतायत, मंडळातलेही सगळे येतील. गेल्या रविवारी माझी मैत्रीण ईशिता आली होती. तिनं हळूच विचारलं, तुमची ड्रेन तुंबलीये का गं? मी हसले, आणि ती गेल्यावर बाथरूममध्ये जाऊन रडले. बाबा, हे घर तुमचंही आहे, मला कळतं. पण माझं हे आयुष्यातलं पहिलं घर आहे. लोकांनी नाक धरून प्रसाद घ्यावा, असं मला नकोय.

आत्यांना नमस्कार. तुमची माया अशीच राहू दे.
अक्षया

---

पुणे, २ मार्च

चि. सौ. अक्षया हीस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आक्काला वाचून दाखवलं. हसून तिचा खुबा दुखला. आंघोळीची हौस फिटली असेल तर आता फडकी धुण्याकडे लक्ष दे. वसंतात नर जास्तच दरवळतो, त्याला इलाज नाही. वास्तुशांतीपुरतं दोघांना मागच्या शेडमध्ये हलवा, माझी हरकत नाही.

एक मात्र नीट वाच. एप्रिल उजाडता ठमीचे दिवस येतील. त्या वेळी तिला दोन दिवस रावसाहेबांच्या पिंजऱ्यात ठेवायचं. यात हयगय झाली तर तिच्या जिवावर बेतेल. पिल्लांची काळजी नको, रावसाहेबांचं ऑपरेशन डेरेकनं कधीच करवून घेतलं आहे, हे तुला ठाऊक आहेच. सुनेला याहून उघड लिहायला माझा हात धजत नाही. समजून घे.

वास्तुशांत निर्विघ्न पार पडो. ईशिताला म्हणावं, ड्रेन नव्हे, आमचे रावसाहेब आहेत.
बाबा

---

बेसिंगस्टोक, १२ मे

ती. बाबांना,
शि. सा. न.

पत्राला फारच उशीर झाला. आईबाबा गेल्याच आठवड्यात परत गेले. वास्तुशांत इतकी छान झाली! घरभर होमाचा आणि पुरणाचा वास, दुसरा कसलाही नाही. वासाचा आम्ही पक्का बंदोबस्त केलाय. कसा ते तुम्ही आल्यावरच सांगेन, तुम्ही शाबासकी द्याल.

ठमीचंही तुम्ही सांगितल्याप्रमाणे केलं. एप्रिलमध्ये दोन दिवस तिला रावसाहेबांकडे ठेवलं. मला भीती होती भांडतील म्हणून, पण दोघं मुटकुळं करून एकमेकांच्या कुशीत झोपले. तुम्हाला दाखवायला फोटो काढलाय. अजून दोघं शेडमध्येच आहेत. ठमी अलीकडे फार शांत झालीये, सारखी झोपलेली असते.

तुमची खोली रंगवायला काढतोय. आत्या हिंडूफिरू लागल्या की लगेच या. आमच्यावर राग धरू नका, उशिराबद्दल.
अक्षया

---

पुणे, २४ मे

अक्षया,

तुझं पत्र आत्ता हातात पडलं. झोपले? रावसाहेब मादीची मानगूट धरून तिला पिंजराभर फरफटवतात. ती किंचाळते. डेरेकची बायको त्या दोन दिवसांत रेडिओ मोठा करून बसायची. ते झोपणं नव्हे. डेरेकनं केली होती ती नुसती नसबंदी; तुम्ही त्याला खच्ची केलंत.

आता लाज गेली चुलीत. फेरेटाची मादी एकदा माजावर आली की नर लागल्याशिवाय तो उतरत नाही. महिनोन्‌महिने राहिला तर हाडातलं रक्त आटतं आणि ती मरते. तिच्या शेपटीखाली सूज आहे का ते पाहा. हिरड्या पाहा. खालच्या मजल्यावरच्या दीनानाथला परीक्षितला फोन लावायला सांगितलं आहे. हे पत्र मागून पोचेल. माझ्याच्यानं स्वस्थ बसवत नाही, म्हणून लिहिलं.
बाबा

---

बेसिंगस्टोक, ९ जून

ती. बाबांना,
शि. सा. न.

दीनानाथकाकांकडून तुम्हाला कळलंच आहे. ठमी गेली. फोन आला त्याच संध्याकाळी आम्ही तिला डॉक्टरीणबाईंकडे नेलं. हिरड्या पांढऱ्याफटक होत्या, पोटावर जांभळे डाग होते. त्यांनी रक्तसुद्धा चढवून पाहिलं. उपयोग झाला नाही.

रावसाहेबांना वास्तुशांतीच्या आधी मीच न्यायला लावलं. मला वाटलं, एक ऑपरेशन झालंच आहे, पिल्लं तशीही होणार नाहीत. दुसऱ्यानं वास गेला तर कुणाचं काय बिघडतं? डॉक्टरीणबाईंनी परीक्षितला तेव्हाच सांगितलं होतं, घरात मादी असेल तर तिला मार्च संपायच्या आत आणा, तिच्या दिवसांवर औषध म्हणून कातडीखाली एक बारीक गोळी ठेवू. मग तुमचं पत्र आलं. दोन दिवस एकत्र ठेवलं की झालं, असं मी धरून चालले आणि गोळीचं राहूनच गेलं. वास होता तोवर दिवसातून दहादा त्यांची आठवण व्हायची. वास गेला आणि मी कामावर जाताना झाकण उघडून खाणं टाकायचे आणि पळायचे.

एक बोलते, उद्धटपणा वाटला तर वाटू दे. मे महिन्यात तुम्ही जे चार ओळींत लिहिलंत, ते मार्चमध्ये का नाही लिहिलंत? मी काही लहान मुलगी नाही, बाबा. तुमच्या संकोचानं तिला मारलं, आणि माझ्या नाकानं. मला रात्री झोप लागत नाही.

तुमची खोली तयार आहे. रंग झाला, नवं कार्पेट टाकलं. खुंटीवरच्या तुमच्या मेणाच्या पावसाळी कोटाला फार वास होता, तोही धुऊन आणलाय. आता कुठेच काही नाही. तुम्ही या. माया तोडू नका.
अक्षया

बाबा, हे मी लिहितो, परीक्षित. ठमी माझ्या हातात गेला. डॉक्टरने मला सांगितला होता आणि मी कॅलेंडरमध्ये टाकणार होतो. मी खूप सॉरी आहे. रावसाहेब रोज तिची बेडमध्ये जाऊन बघतो. प्लीज घरी या.

---

पुणे, २८ जून

चि. सौ. अक्षया हीस,
आशीर्वाद.

तुझं म्हणणं खरं आहे. सुनेपुढे तोंड उघडलं नाही, म्हणून माझ्या हातून जनावर गेलं. ते मी मान्य करतो. पण मी साता समुद्रांपलीकडे होतो आणि तू परसदारी होतीस. तेवढं तूही मान्य कर.

मी परत येत नाही. आक्का आता बरीच खंगली आहे. तिच्या खोलीला महानारायण तेलाचा वास येतो, कधी त्याहून वाईट वास येतो. तिची भाचेमंडळी दारातूनच विचारपूस करून जातात. मी तिचं अंग पुसतो, चादर बदलतो आणि तिथेच पेपर वाचत बसतो. आज ना उद्या माझ्याही अंगाला वास येईल. तुमच्या घरात वासाचा पक्का बंदोबस्त होतो आणि नंतर झाकण उघडून नीट कुणी पाहत नाही, हे मला कळलं. मला त्या रंगवलेल्या खोलीची भीती वाटते.

परीक्षितला सांग, त्याचं मराठी मी दोनदा वाचलं, एकही चूक काढावीशी वाटली नाही. रावसाहेबांना एकटं ठेवू नका, सोबतीला कुणी आणा. आता त्यांचा त्रास उरलेला नाही.

मेणाचा कोट धुवायचा नसतो. मेण जातं आणि पाऊस आत येतो. पण ते राहू दे. शेतावरून परतताना ठमी त्याच्या उजव्या खिशात झोपायची. तिचा वास तेवढाच उरला होता. आता कोट कुणालाही देऊन टाका.

पत्राच्या शेवटी लोभ असावा असं लिहायची रीत आहे, म्हणून लिहिलं.
बाबा