ठिपके जातात तेव्हा

२ सप्टेंबर, सोमवार

आले एकदाची! खाली शोभेच्या माशांचं दुकान, वर आमची खोली. कामावर जायचं म्हणजे तेरा पायऱ्या उतरायच्या, त्यामुळे उशिराला सबब सांगायची सोयच उरली नाही. सहा वर्षं लॅबमध्ये रक्ताच्या नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. आता मासे. निदान हे हलतात तरी.

भिंगरी माझ्याहून खूश आहे. भिंगरी म्हणजे ताईची लेक, वय वर्षं सहा, एका जागी बूड टेकेल तर शपथ. ताई नोकरीच्या प्रशिक्षणाला महिनाभर परगावी गेली आणि पोर माझ्याकडे सोपवली. माय मरो पण मावशी जगो म्हणतात ते उगाच नाही, असं म्हणत डोळे पुसत होती. मी म्हटलं, मरायचं राहू दे, तू रोज फोन कर म्हणजे झालं.

५ सप्टेंबर, गुरुवार

काम समजलं. समुद्रातून आलेले मासे विकण्याआधी मागच्या खोलीत तीस दिवस वेगळे ठेवायचे. त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके असतात. तो एक किडा. त्याला औषध तांब्याचं, पाण्यात विरघळवलेलं. कमी पडलं तर किडा जगतो, जास्त झालं तर मासा मरतो. म्हणून सकाळ-संध्याकाळ नळीत पाणी घ्यायचं, थेंब टाकायचे आणि निळा रंग कार्डावरच्या रंगांशी ताडून बघायचा. रीडिंग दोन ते अडीचच्या मध्येच हवं. मी दिवसातून पाचदा बघते. मालक म्हणाले, बाई, मासेसुद्धा तुमच्यापेक्षा कमी येरझाऱ्या घालतात. मालक साठीचे, जिभेने तिखट, पण माशाला हात लावतात तो असा की फुलाला लावावा.

एक गोष्ट त्यांनी तीनदा बजावली. अंगावरच्या किड्याला तांबं काही करत नाही. तो पोट भरलं की आपणच गळून पडतो, तळाला चिकटतो, गाठोडं होऊन बसतो. मग ते गाठोडं फुटतं आणि शेकडो पिल्लं नव्या अंगाच्या शोधात निघतात. तांबं मारतं ते त्यांना. म्हणजे ठिपके गेले की मासा बरा झाला असं नव्हे. नवी माणसं नेमकी इथेच फसतात आणि औषध थांबवतात. दुसरी फेरी कल्ल्यांवर येते, मग मासा धापा टाकायला लागतो.

९ सप्टेंबर, सोमवार

आज सकाळी चार नंबरच्या मोठ्या टाकीचं रीडिंग एक पॉइंट सहा! जीव वरखाली झाला. पुन्हा काढलं, तेच. शोधलं तर कोपऱ्यात पोवळ्याचा एक वाळका दगड. भिंगरीचा उद्योग. निळ्या माशाला लपायला नुसते पाइपचे तुकडे, बिचाऱ्याला घर नाही, म्हणून बाईसाहेबांनी घर दिलं. असे दगड तांबं पिऊन टाकतात, म्हणूनच या टाक्यांत दगड-वाळू ठेवत नाहीत.

दगड काढला, औषध घातलं, संध्याकाळी रीडिंग जागेवर आलं. मालक म्हणाले, फेकून द्या तो. भिंगरीने असं काही भोकाड पसरलं की मी तो नळाखाली खसाखसा धुतला आणि तिला देऊन टाकला. आता तो तिच्या आंघोळीच्या टबातला डोंगर आहे.

१३ सप्टेंबर, शुक्रवार

भिंगरीच्या पाठीवर पांढरे ठिपके. बावीस.

डॉक्टर म्हणाले घामोळं, पावडर लावा. मालक तर पोट धरून हसले. माशांचं दुखणं माणसाला सात जन्मांत लागत नाही म्हणाले. मीही हसले. लॅबमधल्या बाईला एवढी अक्कल हवीच. वर येऊन पुन्हा मोजले, एकतीस निघाले. मग उगाच सगळी भांडी घासून काढली, स्वच्छ होती तरी.

१६ सप्टेंबर, सोमवार

गेले! पाठ पाटीसारखी कोरी. ताईला फोनवर सांगितलं, तीही निश्चिंत झाली. डॉक्टर स्वतःवरच खूश. मी भिंगरीला खांद्यावर घेऊन खोलीभर नाचवलं.

हे वरचं लिहिलं आणि हात थांबला. ठिपके गेले म्हणजे काय होतं, हे या घरात मला सोडून कुणाला माहीत आहे? पाचावर धारण बसली आहे. गेले कुठे?

१७ सप्टेंबर, मंगळवार

गादीवरच्या चादरीत सापडले. तिची पाठ टेकते तिथे, मिठाच्या कणांएवढे, घट्ट चिकटलेले. नखाने निघत नाहीत. चादर उकळली तरी तसेच.

चादर मालकांकडे नेली. त्यांनी भिंग लावून बराच वेळ बघितलं. हसले नाहीत. कोपरापर्यंत हात धुतले, मग पुन्हा धुतले. विचारलं, तो दगड फेकला होता ना? मी हो म्हटलं. कशाला खोटं बोलले? त्यांनी दुकानाचं शटर ओढलं आणि मला मागच्या दाराची किल्ली देऊन निघून गेले. फोन बंद आहे.

दगड फोडून कचऱ्यात टाकला. आता काय उपयोग.

१९ सप्टेंबर, गुरुवार

गाठोडी फुटली. सगळी रिकामी, नुसती टरफलं. खिडक्या उघडल्या, परत लावल्या. कुठून येतील कळत नाही. हवेतून?

भिंगरी दुपारी झोपली तेव्हा श्वास मोजले. मिनिटाला अडतीस. उठल्यावर चव्वेचाळीस. डॉक्टर म्हणतात छाती साफ आहे, काळजी तुमच्या डोक्यात आहे. ती म्हणते, मावशी, हवा टोचते.

माझी चूक. सर्वस्वी माझी. ताईला काय तोंड दाखवू?

२० सप्टेंबर, शुक्रवार

बावन्न. ओठ फिके. भिंगरी एका जागी बसून आहे, कधी नव्हे ती. मीच फिरते आहे तिच्याभोवती.

तोंड धुवायला बादलीशी नेलं तर तिने चेहरा पाण्यात बुडवला आणि — थांबली. खांदे खाली आले. पाठीवर हात ठेवून श्वास मोजले. सव्वीस. घाबरून बाहेर ओढलं तर तडफडायला लागली. हवेत तडफडते. पाण्यात नाही.

२१ सप्टेंबर, शनिवार

चार नंबर रिकामी केली. मासे दुसरीकडे हलवले. मीठ. तांबं. दोन पॉइंट दोन. पुन्हा काढलं, दोन पॉइंट दोन.

ताईचा फोन. भिंगरी बरी आहे म्हटलं, पण तिने मागून येणारी पोरीची धाप ऐकली. लगेच निघते म्हणाली.

यायला नको. ती भिंगरीला पाण्याबाहेर काढेल —

२२ सप्टेंबर, रविवार, सकाळ

भिंगरी आपणच उतरली. पायरीवरून उतरावं तशी. डोकं खाली गेलं. मी हात धरला होता, तिनेच सोडवून घेतला.

काचेतून दिसते. डोळे उघडे. हसली, नक्की हसली.

सकाळ, नंतर

दोन पॉइंट दोन. चाळीस मिनिटं झाली. शांत आहे. किती दिवसांनी एवढी शांत — तीस दिवस काढायचे, आधी थांबवायचं नाही. इथेच लोक फसतात —

ताई आली. दार ठोठावते आहे, भिंगरीला हाका मारते आहे. कडी घातली आहे. ताई, ओरडू नकोस, मोजू दे —

मी हात काचेवर ठेवला. पूर्ण मिनिट मोजलं, घड्याळ लावून. श्वास —