नारळ मी धरला होता

सोम. १ जून
पाणी आले नाही. वरच्या खोल्यांत भाड्याने राहणारी आयटीची पोरं सकाळपासून बादल्या घेऊन दारात. टँकर सांगितला. अधिक महिन्याची पोथी राहिली, दुपारी वाचली, अर्धे लक्ष नव्हते.
लेकीचे, वैष्णवीचे, शाळेत आजपासून अकरावीचे वर्ग बघणे सुरू. शाळेच्या मुख्य सिस्टर फ्लेवियांची रीतच तशी. दहावी झालेल्या मुलींनी एक आठवडा सायन्सच्या वर्गात बसायचे, मग कॉमर्स, मग आर्ट्स. तिन्ही बघायचे आणि मगच विषय लिहून द्यायचे. चांगली रीत आहे. पण घरात तीन आठवडे तोच विषय चालणार.

बुध. ३ जून
वै.चा डबा अर्धा परत. विचारले कसे आहे सायन्स, तर म्हणाली "आहे." ह्यांनी जेवताना विचारले, तर "ठीक आहे." हे म्हणाले, "ठीक म्हंजे चांगलंच की. घराण्यात एक डाक्टर पायजे. जमीन काय जल्माला पुरत न्हाई." मुठ्याची, गावाकडची अर्धी जमीन विकली गेली, त्या पैशावर भुकूमच्या या खोल्या झाल्या. ते मनात धरून बोलतात, मला कळते.

शुक्र. ५ जून
थोरल्या जाऊबाई आल्या होत्या. त्यांचा मुलगा बारावी सायन्सला, कोथरूडला क्लास. येताना फणसाचे गरे आणले, जाताना ऐकवून गेल्या. "नन्स लोक काय पोरींना आर्ट्सच द्यायला सांगत्यात. मंजी पोरी त्यांच्यासारख्याच ऱ्हातील." मी म्हटलं वहिनी, तिथल्या दोन मुली डॉक्टर झाल्यात. "झाल्या आसतील. आपल्या न्हाईत ना."
चहाची साखर संपली. आठवडाभर बिनसाखरेचा, मला चालतो.

मंगळ. ९ जून
कॉमर्सचा आठवडा. मला मनातून हेच हवे. दहावीपर्यंतच शिकले, पण घरचा, खोल्यांचा, ह्यांच्या शेताचा हिशेब आजवर एक दिवस चुकवला नाही. वाटायचे वै. शेजारी बसेल, मी सांगेन, ती कॉम्प्युटरवर मांडेल.
संध्याकाळी भाजी निवडताना म्हणाली, "आई, तू करतेस तेच आहे सगळं. फक्त नावं इंग्रजीत."
मी खूश झाले. म्हटलं मग घे की.
"म्हणूनच नको."
मेथी निवडत राहिले.

शनि. १३ जून
हे म्हणाले, उद्या मुठ्याला जमिनीच्या मोजणीसाठी जायचे आहे, तर भैरोबाला कौल लावून येऊ. घरात रोज किटकिट, एकदाचे देवाला विचारून टाकू. आमच्यात विहीर, सोयरीक, जमीन, सगळे कौलाने होते. माझेही लग्न कौलानेच झाले.
मी म्हटलं आर्ट्स अजून बघायचे राहिलेय. "त्यात बगायचं काय हाय?"
वै. तीन दिवस बाजूला. देवळात येता येणार नाही. थांबू म्हटलं तर ह्यांना मोजणीवाल्याची तारीख परत मिळणार नाही. बरं म्हटलं.

रवि. १४ जून
पिरंगुटवरून मुठ्याला. उन्हाने डोके धरले. देवळात गुरवतात्या एकटेच. म्हातारे झालेत, पण हात थरथरत नाही. देवाच्या छातीवर दोन्ही बाजूंना दोन ओली फुले चिकटवली. उजवे आधी पडले तर होय, डावे पडले तर नको. हे मोजणीवाल्याशी फोनवर बाहेर. तात्या म्हणाले नारळ धर आणि इचार. धरला. ह्यांनी सांगितले होते तेच विचारले, वैष्णवीला सायन्सला घालावे का.
खरे सांगायचे तर डाव्या फुलाकडे बघत होते.
बराच वेळ काही नाही. मग उजवे पडले.
ह्यांना बाहेर जाऊन सांगितले. हसले, किती दिवसांनी. तिथेच चहा पाजला. नारळ पदरात घेऊन आले. काम तडीस गेल्यावरच फोडायचा, तोवर देव्हाऱ्यात.
वै.ला सांगितले. ती म्हणाली, "बरं." आणि आत गेली. तिचे "बरं" माझ्यासारखे आहे, हे आज लक्षात आले.

मंगळ. १६ जून
अधिक काल संपला. पोथी पूर्ण झाली. पुरण घातले, थोडेच.
वै.चा आर्ट्सचा आठवडा. कौल झाल्यावर कशाला जायचे, असे हे म्हणाले, पण सिस्टर सोडत नाहीत. आज शाळेतून आली ती बोलतच आली. भूगोलाच्या बाईंनी वर्ग टेकडीवर नेला होता. दप्तरातून तीन दगड काढून ओट्यावर मांडले, माझ्या पोळ्यांच्या शेजारी. एक दगड पाणी आत घेतो, एक घेत नाही, म्हणून पाणी कुठे उतरते, कुठे अडते, सगळे सांगत होती. आपली विहीर शिमग्याला का आटते तेही. मागे पाणाड्याने तळहातावर नारळ उभा करून जागा दाखवली आणि बोअर कोरडी गेली, ती घराच्या चुकीच्या बाजूला मारली म्हणाली.
हे दारात उभे होते, मला माहीत नव्हते. म्हणाले, "मारायच्या आदी का न्हाई सांगितलंस?"
"तेव्हा मी सातवीत होते पप्पा."
"मग?"
तिघेही हसलो. मग ह्यांना कौल आठवला असावा. बूट घालून बाहेर गेले.
दोन चपात्या करपल्या. दगड तिने उचलले नाहीत, मीही नाही.

बुध. १७ जून
दिवसभर डोक्यात तेच. देवाने सायन्स सांगितले. पोर बोलते आहे ती भूगोलावर. देवाचे मोडले तर मला झोप यायची नाही, आणि पोरीचे मोडले तर काय, तेही ठाऊक आहे. कंबर दुखते आहे. खोल्यांचे जिने झाडायला बाई लावावी म्हणतात हे. दोन हात आहेत तोवर कशाला.

गुरु. १८ जून
उपवास. वै.ला न सांगता एसटीने मुठ्याला गेले. गुरवतात्यांना विचारायचे होते की कौल परत लावता येईल का.
तात्या पायरीवर बसून वाती वळत होते. सगळे ऐकले. मग म्हणाले, "पोर कुटं व्हती त्या दिशी?" म्हटलं बाजूला होती, घरी.
"मग नारळ कुनी धरला?"
"मी. तुम्हीच म्हणालात धर."
"मला काय ठावं कुनाचं काम हाय. मला वाटलं तुजंच. ज्याचं काम त्यानं नारळ धरायचा, ही आपली रीत. कौल खोटा न्हाई बाय. पन त्यो तुला लागला."
म्हटलं मला? मी काय या वयात सायन्सला जाऊ?
"त्ये तू आन द्येव बगा."
परत लावायचा तर जत्रेपर्यंत थांबायला हवे, एका कामाला वर्षात एकच कौल. जत्रा चैत्रात. शाळेत विषय सोमवारी द्यायचे.
एसटी उशिरा आली. फाट्यावर उभी राहून पाय भरून आले. इतकी वर्षे सगळे भैरोबावर सोपवले की हलके वाटायचे. आज त्यानेही माझ्याच पदरात टाकले.
ह्यांना सांगितले नाही. वै.ला सांगितले. ती आधी हसली. मग माझ्या तोंडाकडे बघून थांबली. पाय दाबून दिले तिने.

शनि. २० जून
सिस्टरांची भेट, आम्ही तिघे. ह्यांचा इस्त्रीचा सदरा, टोपी. बोलायच्या आधी सिस्टर सगळ्यांना थोडा वेळ चॅपेलमध्ये बसवतात. हे दारात अडले. "टोपी काडायची का ठेवायची?" सिस्टर म्हणाल्या, "ठेवा हो, त्याला चालते."
बसलो. दुसऱ्याच्या देवासमोर आपले गाऱ्हाणे कसे मांडायचे कळेना. मनात भैरोबाला म्हटलं रागावू नकोस, पोरीसाठी बसलेय. मग काहीच मागितले नाही. पंखा फिरत होता. महिन्याभरात पहिल्यांदा कुणी हाक मारली नाही. उठूच नये वाटले.
मग ऑफिसात. सिस्टर मूळच्या वसईच्या, स्पष्ट बोलतात. ह्यांनी एकदमच सांगून टाकले, "द्येवानंच सायन्स सांगितलंय, आता आमी काय बोलनार?"
मला वाटले सिस्टर हसतील. हसल्या नाहीत. म्हणाल्या, "विचारलं कोणी?"
"हिनं. आईनं."
वै. म्हणाली, "नारळ आईने धरला होता, सिस्टर. ज्याचं काम त्याने धरायचा असतो. गुरवतात्यांनी सांगितलंय तिला."
ह्यांनी माझ्याकडे बघितले. मी टेबलाकडे.
सिस्टर म्हणाल्या, "मग ॲडमिशन आईला द्यायची का? एक जागा आहे." सगळे हसले, हे सोडून. मग माझ्याकडे वळून, हळू, "तुमचा देव लगेच तरी बोलतो, वैष्णवीच्या आई. आमच्यात फार थांबवतात. मला सिस्टर व्हायच्या आधी इतकं थांबवलं की घरच्यांनी दोनदा मुलगा बघून ठेवला."
नंतर वही काढून समजावले. सायन्समध्येही भूगोल घेता येतो, बायोलॉजीच्या जागी. म्हणजे सायन्स झाले आणि भूगोलही झाला. माझा जीव भांड्यात पडला. वाटले सुटलो, सगळ्यांचे राखले गेले.
हे म्हणाले, "मग डाक्टर?"
"बायोलॉजी नाही तर डॉक्टर नाही."
"मंग उपेग काय?"
वै.ने मान वर केली. म्हणाली, "मला फिजिक्स येत नाही पप्पा. पहिल्या आठवड्यात रोज बसमध्ये रडत घरी येत होते. देवाचं राखायचं, तुमचं राखायचं, आईचंही. मग माझं राहतं काय?"
माझे कुठून आले त्यात? मी तर एकदाच 'घे की' म्हटले होते कॉमर्सचे. म्हणजे कळत होते तिला.
ह्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "आमच्यात आजवर कुनाला इचारून शिकिवलं न्हाई सिस्टर. मला न्हाई, हिला न्हाई. इचारायचं कसं त्येच म्हाईत न्हाई."
सिस्टर म्हणाल्या, "सोमवारी दुपारपर्यंत वेळ आहे. विचारून बघा."
येताना फाट्यावर ह्यांनी तिला उसाचा रस पाजला. मला विचारले नाही, उपवास वाटला असेल. उपवास गुरुवारी होता.

रवि. २१ जून
जाऊबाईंचा फोन. बातमी पोचली. "आधिकात कौल लावत्यात का कुटं? उलटाच लागायचा." फोन ठेवल्यावर वाटले, हेही एक असेल. मग वाटले, असू दे. एका कौलाला किती माणसे बोट लावणार.
हे दिवसभर घरात. तीनदा वै.च्या दारापर्यंत गेले, तीनदा पाणी पिऊन आले. चौथ्यांदा आत गेले. मी ओट्यापाशीच राहिले, मुद्दाम. ऐकू आले तेवढे,
"त्या बोरचं सांग. कुटं मारायला पायजे व्हती?"
मग तिचा आवाज, बराच वेळ. मग हे, "आन ह्ये शिकून पुढं काय व्हतं मानूस?"
ती काय म्हणाली ते कुकरच्या शिट्टीत गेले.
बाहेर आले तेव्हा तोंडावरून काही कळेना. जेवले. शाळेच्या फॉर्मवर मी सही केली, वर विषयांची जागा कोरी होती तरी. हे म्हणाले, "कोऱ्यावर सई? येवडी हिशेबी बाई तू." म्हटलं हो. त्यांनी केली नाही. घडी घालून खिशात ठेवला. "उद्या मीच येतो शाळंत. तितंच लिवू काय त्ये."
काय ते, म्हणजे काय ते विचारले नाही. विचारून विचारून थकले.

सोम. २२ जून
सकाळी देवपूजा. नारळाला हळदकुंकू लावले, सवयीने. वै. अंघोळ करून आली, केस ओलेच. देव्हाऱ्यापाशी थांबली, हात जोडले, आणि नारळ उचलला.
ह्यांनी गाडी चालू केली होती. "त्यो कुटं?"
"शाळेत. या वेळी मी धरते."
"तितं फुलं कोन लावनार?"
"कोणी नाही. नुसता धरते."
मला वाटले रागावतील. म्हणाले, "नीट धर. खड्डे हायेत भूगावपतुर." ती मागे बसली, नारळ मांडीवर, दोन्ही हातांनी. ह्यांना धरायला तिला हातच राहिला नाही, म्हणून त्यांनी गाडी हळू काढली. मी कोपऱ्यापर्यंत बघत राहिले.
जिने झाडले. वरच्या पोरांनी भाडे दिले, लिहिले. भात टाकला, तिघांचा.
दुपार झाली. फोन आला नाही. मीही केला नाही. फोन देव्हाऱ्यात ठेवलाय, नारळ होता त्या जागी. तिथे हळदीचा गोल उठला आहे, पुसला नाही अजून.