उतारा कोणी उचलायचा

१३ नोव्हेंबर १९८३
गुडघ्यासाठी सकाळी बागेत फेऱ्या मारायला लागून आज दोन महिने झाले. गुडघा आहे तिथंच आहे. डब्यात भाकर घेऊन जायची सवय तेवढी लागली. ढवळीनं टाकीमागच्या सिमेंटच्या पायपात पिल्लं घातली आहेत. आज तिघंही बाहेर आली. एकानं माझ्यावर भुंकून पाहिलं आणि स्वतःच्याच आवाजानं दचकून मागे पडलं. एकटीच हसत बसले. गंगाराम माळी म्हणाला, "बाई, तुमी भाकर आनता म्हून सारे कुत्रे इथंच जमा होऊन राह्यले. लोक मले बोलतात." लोकांना बोलायला काय लागतं?

१९ नोव्हेंबर
बागेतला काळू कुत्रा गेला. बाकाखाली पडलेला. पाय लाकडासारखे ताठ, तोंडाला फेस. गंगाराम म्हणे, पान लागलं असेल. एवढ्या थंडीत साप कुठला? दोघांनी मिळून कण्हेरीमागे पुरला. शाळेत पहिल्या तासाला उशीर. आठवीला पचनसंस्था शिकवली. काय शिकवलं, त्यांनाच विचारावं लागेल.

२३ नोव्हेंबर
आज आणखी दोन. त्यातलं एक माझ्यासमोर. हात लावला की झटका, रस्त्यावर हॉर्न वाजला की झटका. पाणी पाजायला वाकले तर गंगाराम ओरडला, "चावन न बाई!" वीस मिनिटं लागली त्याला मरायला. मी उभी होते. नुसती उभी.
दुपारी जनावरांच्या दवाखान्यात गेले. डॉक्टर भला माणूस. लक्षणं कुचल्याच्या विषाची वाटतात म्हणाला. वाटतात, एवढंच. नमुना तपासायला नागपूरला पाठवावा लागतो. "अन् कुत्र्याचा नमुना पाठवलेला मी तरी पाह्यला नाई, बाई."

२५ नोव्हेंबर
अर्धी रजा टाकली. नगरपालिकेतला बाबू: "आमची मोहीम असती तं दवंडी दिली असती. आमचं नाव नोका घेऊ." ठाण्यात जमादार: "कुत्रं कोनाचं?" म्हटलं, कोणाचंच नाही. "मंग तक्रार कोनाची?" माझी. "पन कुत्रं तं तुमचं नाई म्हनता." त्याचं काही चुकत नव्हतं, याचाच संताप आला. चहा मागवला त्यानं माझ्यासाठी. चहा पिऊन परत आले.

२७ नोव्हेंबर
आता रोज सहाला मी आणि गंगाराम सगळी बाग विंचरतो. मटणाचा तुकडा, पाव, पेढा, काहीतरी सापडलंच पाहिजे. मेंदीच्या कुंपणाखाली पाहिलं, बाकांखाली, नालीत. विड्यांची थोटकं आणि एक चप्पल मिळाली. पिंपळाखाली दोन उतारे होते तेवढेच. द्रोणात दहीभात, लिंबू, कणकेचा दिवा, वरून कुंकू. कोणीतरी आजाऱ्यावरून ओवाळून ठेवलेले. गंगाराम लांबूनच हात जोडून वळला. "घाबरता काय असे?" म्हटलं. "तुमी लावा मंग हात." हसले मी. आणि साडी सावरून, चांगला लांब वळसा घालून पुढे गेले.

१ डिसेंबर
भुरी कुत्रीही गेली. ढवळी तिच्या शेजारी बसून होती.
घरमालकीणबाईंना विचारलं, ढवळीला न्हाणीमागे ठेवू का थोडे दिवस? "तुमी लाख चांगल्या हो बाई, पन कुत्रं नाई. तुळशीपाशी घान करन." तरी दुपारी त्या झोपल्यावर दोरी लावून आणलीच. तिनं पिल्लांसाठी असा सूर लावला की सगळी गल्ली उठली. तासाभरात परत नेऊन सोडली. जाताना माझ्याच पुढे पळत होती, आनंदानं.
वसंताला पत्र टाकलं. मामेभाऊ. कारंज्याला हायवेवर त्याचा ढाबा आहे, पिल्लं ठेवील तो.

४ डिसेंबर, रविवार. अवस.
पिंपळाखाली सात उतारे. आम्ही बाकी सगळं पाहिलं. काही नाही.

५ डिसेंबर
नालीपाशी आणखी एक मेलेलं. शेजारी ओकलेलं होतं. दहीभात. भाताला कुंकवाचा रंग.
बराच वेळ तिथंच उभी राहिले. गंगाराम म्हणत होता, "काय झालं बाई, बसता काय?"
ज्यानं कोणी केलं तो आपल्यातलाच. उताऱ्यात विष कालवायचं बाहेरच्याला सुचलं नसतं. उताऱ्याला कोणी हात लावत नाही. ठेवणारा मागे वळून पाहत नाही. आणि कोणी ठेवताना दिसलाच, तर आपणच तोंड फिरवतो. सगळी बाग विंचरली, ती एक जागा सोडून. दर वर्षी आठवीला अंधश्रद्धेवर निबंध लिहायला लावते मी. त्या दिवशी साडी सावरून वळसा घातला नसता तर भुरी असती. कदाचित. पण असती.

६ डिसेंबर
टोपली आणि खुरपं घेऊन गेले. गंगाराम म्हणाला, "पोरगी बाळंतपनाले आली हाय घरी. माह्यानं नाई होत हे काम." मान खाली घालून म्हणाला. त्याला काय बोलणार? एकटीनं सगळे द्रोण उचलले, खोल खड्ड्यात पुरले.

९ डिसेंबर
रोज द्रोण उचलून पुरते आहे. तीन दिवसांत एकही कुत्रं मेलं नाही.
फिरायला येणाऱ्या बायका मी दिसले की बोलणं थांबवतात. हेडसरांनी बोलावलं. "बाई, पालक विचारून राह्यले, तुमी उतारे गोळा काऊन करता?" सगळं सांगितलं. शांतपणे ऐकलं त्यांनी. मग म्हणाले, "ते खरं आहे हो. पण दिसतं कसं?" विज्ञानाचं कपाट लावत बसले दिवसभर.

११ डिसेंबर, रविवार
पिल्लांना टोपलीत घालून, वर टॉवेल टाकून एसटीनं कारंज्याला. कंडक्टरनं विचारलं, काय आहे? म्हटलं, संत्री. संत्र्यांनी तळेगावच्या आधीच तोंड उघडलं. तो हसला आणि पुढे गेला. वसंतानं तिघंही ठेवून घेतली. "ढाब्यावर खायले कमी नाई, अन् मी नजर ठेवतो." जीव थोडा हलका झाला.
संध्याकाळी बागेत गेले. ढवळी पायपात तोंड घालून उभी. मला पाहून आली आणि माझे हात हुंगत राहिली. पुन्हा पुन्हा हुंगत राहिली. इतकं वाईट मला कुठल्या माणसासमोर वाटलेलं नाही.

१४ डिसेंबर
मागच्या गल्लीतली सुमन आली. बाजारात भाजी विकते ती. दारातच उभी राहिली. "शनवारी माह्या पोरीवरून उतारा काहाडून ठेवलता. तुमी उचलला म्हनतात."
म्हटलं, अगं, त्यात विष असतं म्हणून...
"मी माह्या लेकरावरून ओवाळून विष ठेवीन काय?"
पोरीला वीस दिवस ताप आहे. दवाखान्यात नेलं का, विचारलं. "नेलं न. सुया देऊनच राह्यले. जात नाई ताप." मग रडली. मी पाण्याचा पेला पुढे केला, घेतला नाही. विचारलं, तुझा उतारा कोणता आणि विषाचा कोणता, हे ओळखायचं कसं, तूच सांग. "मले नोका विचारू. मी मांगं पाह्यलं नाई."

१५ डिसेंबर
पिंपळाखाली तीन द्रोण. खुरपं घेऊन उभी राहिले आणि हात पुढे गेला नाही. पोरीचा ताप द्रोणातल्या भातानं जात नाही, हे मला ठाऊक आहे. सुमनला कोणत्या तोंडानं सांगू? सुया देणाऱ्यांनाही जमलं नाही. उद्या त्या पोरीचं काही बरंवाईट झालं, तर जन्मभर माझंच नाव घेईल ती. आणि न उचलावं, तर ढवळी.
ढवळी पायाशी येऊन बसली होती. तिला हाकलत, लांब नेत परत आले. द्रोणांवर नजर ठेवून दहा वाजेपर्यंत बागेतच थांबले. शाळा आहे, रोज किती थांबणार?

१६ डिसेंबर
एकच उपाय दिसतो. ढवळीनं माणसाचा वास आला की पळावं, माणसानं ठेवलेल्या कशालाही तोंड लावू नये. भाकर नेणं आजपासून बंद.
पहिला दगड मारला. तिनं जाऊन तो हुंगून पाहिला. भाकर वाटली असणार. मग शेपूट हलवत परत आली.

१९ डिसेंबर
रोज मारते आहे. नेम मुद्दाम चुकवत होते, तर तिला खेळ वाटतो. आज नेम चुकवला नाही. मागच्या पायाला लागला. ओरडली आणि थांबून माझ्याकडेच पाहत राहिली, कोणी मारलं म्हणून. गंगाराम पाणी घालता घालता थांबला. "बाई, तुमी?" घरी येऊन अंथरुणात तोंड खुपसून रडले. बावन्न वर्षांची बाई.

२३ डिसेंबर
आता पन्नास पावलांवर थांबते. शेपूट खाली. मी एक पाऊल टाकलं की पळते, थोडी लंगडत. मला पाहिजे होतं तेच झालं. पाहिजे होतं तेच, असं तीनदा स्वतःला सांगितलं.
पिंपळाखाली नवा द्रोण. कोणाचा, देव जाणे.

२५ डिसेंबर
नाताळची सुट्टी. सकाळ-संध्याकाळ दोन्ही वेळा गेले. ढवळी दिसली नाही.

२८ डिसेंबर
आज चौथा दिवस. गंगारामानं नाली पाहिली, कण्हेरीमागे पाहिलं, रेल्वेच्या कुंपणापर्यंत जाऊन आला. "मेलेलं तं कुठं नाई दिसलं बाई. पळून गेली असन. तुमीच तं पळवली." बरं वाटावं म्हणूनच बोलला तो.
सुमन रस्त्यात भेटली. पोरगी कशी आहे, विचारलं. "हाय तशीच," म्हणाली आणि पुढे गेली.
टाकीमागे उभी राहिले. पायप रिकामा. एक हाक मारली असती तर कळलं असतं. जवळपास असेल तर अजूनही येईल ती माझ्या हाकेला, एवढं मला माहीत आहे. आणि आज माझ्या हाकेला आली, तर उद्या कोणाच्याही येईल.
तोंडावर आलेली हाक तशीच गिळली. अजून दोन फेऱ्या मारल्या आणि घरी आले.