दोरीचं दुसरं टोक

प्रिय ताई,

तुझ्या प्रश्नाचं उत्तर एका ओळीत देता आलं असतं, पण आज जे पाहिलं ते तुला सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

आमच्या बालकल्याण केंद्रात नाना देशांची, नाना भाषांची माणसं येतात. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, कुणाच्या घरी गेलीस की काय नाही ते शोधू नकोस, काय आहे ते बघ. आई म्हणेल, एवढ्यासाठी पदवी लागते होय!

आज एका परदेशी तरुण आईकडे गेले. नवरा बोटीवर कामाला, घरी ती आणि तान्हं बाळ. तिला जन्मापासून ऐकू येत नाही. बाळ रडलं तर हिला कळणार कसं, म्हणून ते दुसरीकडे ठेवावं का, हे माझ्या पाहणीवर ठरणार होतं. तुझ्यामाझ्या खुणा करून पाहिल्या. निम्म्या तिला कळल्या, उरलेल्यांवर ती पोट धरून हसली.

बाळ आतल्या खोलीत झोपलं होतं आणि ती भांडी घासत होती. एकाएकी नळ बंद करून ती आत गेली. मला काहीच ऐकू आलं नव्हतं! बाळ नुसतं जागं झालं होतं, रडलंही नव्हतं. तेव्हा तिच्या मनगटाची लाल दोरी दिसली. दुसरं टोक पाळण्याला. मला वाटलं, बहिरेपणावरचा हा तिचा तोडगा. माझ्यासोबत आलेल्या, तिच्याच मुलखातल्या दुभाषी बाई म्हणाल्या, छे हो, आमच्याकडे सगळ्याच आया बांधतात. नदी एवढी गर्जते की घरात कुणालाच काही ऐकू येत नाही.

ताई, सगळं गाव बहिरं, आणि पिढ्यान् पिढ्या एकही बाळ एकटं पडलेलं नाही! बाळ आईपाशीच राहील, असं माझी पाहणी ऐकून मोठ्या बाईंनी लगेच सांगितलं.

तुलाही रडणं ऐकू येणार नाही, म्हणून तुझं बाळ जन्मलं की काकूकडे द्यावं, असं घरात सगळे म्हणतात. तू मला विचारलंस, तू शिकलेली, तू सांग. अगं, मी शाळेतून रडत, पाय आपटत आले की जमिनीच्या हादऱ्यावरून तुला आधी कळायचं, आईला नंतर. बाळ कुणालाही देऊ नकोस. सोबत लाल दोरी आहे, तुझ्याबद्दल खुणेनं सांगितल्यावर त्या आईनेच वळून दिली. आपलं स्वयंपाकघर पाळण्यापासून किती लांब, असं तिने खुणेनं विचारलं, तेव्हा मी दोन्ही हात पसरून दाखवले. तिने आणखी थोडी वळली.

तुझीच,
जिचे हात गप्प बसत नाहीत ती बडबडी