रविवारचं फ्रेंच

९ जानेवारी, बुधवार

आज बाईंनी नवा काळ काढला. पूर्ण भविष्यकाळ. पुढे जे होणार, त्याच्याही आधी जे होऊन गेलेलं असेल ते. मराठीत हे मी झोपेतही बोलेन — 'तू येशील तोवर मी जेवलेलो असेन.' संपलं! फ्रेंचमध्ये मात्र काही क्रियापदं 'असणे'चा हात धरून चालतात, काही 'जवळ असणे'चा. कोण कुणाचा हात धरतं ते पाठच करायचं. जाणे, येणे, जन्मणे, मरणे ही सगळी एका गोटातली.

फळ्यापाशी जाऊन मी 'मी गेलेलो असेन' लिहिलं आणि चुकलो. मागच्या बाकावरची पेस्ट्रीवाली (तिला तिकडे केक करायच्या नोकरीवर जायचंय) बरोबर उत्तर कुजबुजत होती, पण माझे कान! वर्गातली पोरं मला आजोबाच म्हणतात. उभा जन्म छापखान्यात लोकांची प्रुफं तपासण्यात गेला. आता माझा कागद लाल होऊन परत येतो.

१३ जानेवारी, रविवार

फोन. आमची नात ढब्बू टोपी घालून आली. पुढचा दात पडलाय. मी पाठ केलेली वाक्यं म्हटली — शाळेत काय केलंस, बाहेर थंडी आहे का. ती 'वी' (हो) म्हणाली, 'नों' (नाही) म्हणाली, आणि मग म्हणाली, "आजी." आबा आणि आजी, मराठीतले एवढेच दोन शब्द उरलेत तिच्याकडे.

बायकोला फ्रेंचचा गंध नाही. हिचं आपलं सुरू — "काय गं टोपीवाले, दात कुठे सांडून आलीस?" — आणि पोरगी तिकडे खिदळतेय. काय कळतं तिला, देव जाणे. मी वही मांडीवर घेऊन बाजूला बसून राहिलो. खरं सांगायचं तर राग आला मला. मेहनत माझी आणि गप्पा हिच्या!

१५ जानेवारी, मंगळवार

लेकीला जाऊन दोन वर्षं होतील. ती होती तोवर ढब्बूशी मराठीच बोलायची. स्वयंपाक करताना, वेणी घालताना, रागावतानासुद्धा. आता त्या घरात फक्त फ्रेंच. जावई माणूस भला, पण आम्ही दोघे इंग्रजीच्या कुबड्या घेऊन एकमेकांपर्यंत पोचतो, आणि पोरीला तर त्या कुबड्याही नाहीत. मी शिकलो नाही तर उद्या ती मोठी होऊन विचारेल, हे म्हातारे कोण? लेकीचं म्हणून जगात एवढंच उरलंय.

हिला हे बोलून दाखवलं. म्हणाली, "अहो, आधी तो चष्मा बदला."

२३ जानेवारी, बुधवार

चाचणीत नापास. बाई म्हणाल्या, "आजोबा, पुन्हा खालच्या वर्गात बसता का?" नाही म्हणालो. डोक्यात काही राहत नाही हे मात्र खरं. सकाळी पाठ केलेलं दुपारी पसार.

२७ जानेवारी, रविवार

आज घबाड मिळालं! ढब्बू स्वतःहून बोलली. अख्खं वाक्य, आणि त्यात नेमका तो काळ — 'जोरे उब्लिए', मी विसरलेली असेन! कानांनी बरोबर टिपला. फक्त सुरुवातीला 'मी मोठी होईन' हवं, तिथे ती 'मी मोठी आहे' म्हणाली. कालच घोकलेला नियम! मी बोट वर करून म्हटलं, "'स्वी' नाही, 'सरे'."

परत म्हण, म्हटलं. तर बापाला काहीतरी सांगून उठून गेली. लाजली असेल. हिने विचारलं, "काय म्हणत होती हो?" म्हटलं, व्याकरण चुकलं होतं तिचं. तिकडे जन्मलेल्या पोरीची चूक मी काढली! रात्री दोन घास जास्त जेवलो.

३० जानेवारी, बुधवार

वर्गात फुशारकी मारायला गेलो. बाई खूश. म्हणाल्या, "लिहा बघू फळ्यावर." लिहिलं. अर्थात दुरुस्त करून. "आता सगळ्यांना अर्थ सांगा."

'मी मोठी होईन तोवर', इथपर्यंत आलो आणि थांबलो. पेस्ट्रीवालीला वाटलं मी अडलो, म्हणून तिने पुढचं वाचलं. "मम्मा कशी बोलायची ते मी विसरलेली असेन." आणि ती थबकली, कारण माझी कथा सगळ्या वर्गाला ठाऊक आहे. बाईंनी डस्टर उचलला, पुन्हा टेबलावर ठेवला. मी पिशवी घेऊन निघून आलो.

पोरीने हे बापाला सांगितलं नसेल. मला सांगितलं. तिच्या मोडक्यातोडक्या ओळखीच्या आबाला. आणि मी म्हटलं, 'स्वी' नाही, 'सरे'.

३१ जानेवारी, गुरुवार

छापखान्यात नवीन मुलं आली की मी त्यांना पहिला धडा हाच द्यायचो — मजकुराच्या अर्थामध्ये गुंतायचं नाही. गोष्ट वाचायला लागलात की डोळा चूक सोडतो. शब्द बघा, मजकूर विसरा. अशा कितीतरी कादंबऱ्या माझ्या हाताखालून गेल्या ज्यांत कोण मेलं आणि कोण जगलं हे मला आजही माहीत नाही. याचा मला अभिमान होता.

३ फेब्रुवारी, रविवार

ढब्बू आली नाही. जावई म्हणाला, खेळतेय. त्याच्या मागे सोफ्याच्या कडेला तिचा पायमोजा दिसत होता. पाय हलत नव्हता.

६ फेब्रुवारी, बुधवार

वर्गाला गेलो नाही. घरी बसून माफी लिहितोय. फ्रेंचमध्ये. लिहितो, खोडतो. क्रियापद बरोबर बसलं की वाक्य सरकारी पत्रासारखं वाटतं, आणि मनातलं लिहायला गेलो तर तेवढे शब्दच नाहीत माझ्याकडे.

हिला सांगितलं शेवटी. ती कपड्यांच्या घड्या घालत होती, घालतच राहिली. मग म्हणाली, "पोरीचा चेहरा रडवेला झाला होता. मला दिसला की. मला वाटलं, तुम्ही तिची समजूत घालताय."

१० फेब्रुवारी, रविवार

पुन्हा नाही. माफी जावयाला वाचून दाखवली, म्हटलं तिला सांग. त्याने शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, फोनची वेळ झाली की ती खोलीचं दार लावून घेते. वर म्हणाला, मनाला लावून घेऊ नका, लहान आहे. त्याची बायको गेली, आणि समजूत तो माझी काढतोय.

१४ फेब्रुवारी, गुरुवार

बाई झेरॉक्सच्या दुकानात भेटल्या. "या की परत. तुमची जागा रिकामी आहे." म्हटलं, बघू. बघायचं काय त्यात? ज्या पोरीशी बोलायला शिकत होतो ती माझ्या आवाजाने दार लावते. वह्या माळ्यावर टाकल्या.

१७ फेब्रुवारी, रविवार

नाही.

२४ फेब्रुवारी, रविवार

फोन मीच लावला नाही. कशाला पोरीला कोंडून घ्यायला लावायचं? दुपारी स्वयंपाकघरातून हिचा आवाज आला — "काय गं टोपीवाले" — म्हणून धावत गेलो. फोन ओट्यावर तसाच पडलेला. ही भांडी घासता घासता एकटीच बोलत होती. मला बघून नळ मोठा केला.

आता आणखी काही वर्षांनी आम्ही दोघे या घरात कसे असू ते मला दिसतं. वाईट दिसतं.

१ मार्च, शुक्रवार

आज रविवार नसताना फोन आला. बापाचा फोन घेऊन ढब्बू एकटीच. मी धांदलीत फ्रेंच माफी सुरू केली. अर्धीच आठवली. "नों, आबा," ती म्हणाली. फ्रेंच नको. मम्मासारखं बोल. म्हटलं, तुला कळणार नाही गं. म्हणाली, नाही कळलं तरी चालेल, तू बोल. मग मी मराठीत सुचेल ते बोलत सुटलो — आजी खाली गेलीय, कुंडीतलं रोप वाळलंय, शेजाऱ्यांनी भिंतीला कसला भयंकर रंग दिलाय. तिने फोन कानाला लावला. पडद्यावर मला नुसता तिचा कान दिसत होता, जवळून. ही वर आली, दारातच उभी राहिली, तरी मी थांबलो नाही.