किरण न पडलेली जागा

आप्पा,

कारखान्यात तुम्ही पॅनवर होता, म्हणजे उकळत्या पाकात साखरेचा दाणा धरायचं काम. हंगामात मी डबा घेऊन आले की तुम्ही पाकाचा थेंब काचेवर घ्यायचात, दिव्यासमोर धरायचात आणि विचारायचात, "दिसतो का दाणा?" मला नुसता चिकट थेंब दिसे. मी तरी हो म्हणून मान हलवायचे. "न्हाय दिसत तर न्हाय म्हनावं," तुम्ही हसायचात.

माझं काम मी तुम्हाला एकदाच सांगितलं, निमगावच्या घरी, ओट्यावर बसून. द्रवाचा थेंब दोन अतिशय पातळ पडद्यांमध्ये बंद करायचा, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात ठेवायचा आणि त्यात तरंगणारे सोन्याचे कण बघायचे. केसाच्या जाडीत असे हजारो मावतील. "एवढं मोठं मशीन, आन् दाणा एवढुसा?" तुम्ही म्हणालात. "आमचा बरा. च्यात तरी पडायचा."

एक गोष्ट तेव्हा सांगायची राहिली. ज्या किरणांमुळे कण दिसतात, तेच किरण पाणी फोडतात. आपण बघत असताना असलेले कण विरघळतात, नसलेले तयार होतात. नवखा माणूस आनंदानं तेच टिपत बसतो. आम्ही किरण मंद ठेवतो, आणि शेवटी त्याच थेंबातली, तोवर किरण न पडलेली जागा तपासतो. तिथं जे सापडतं ते द्रवाचं. बाकीचं आपल्या बघण्याचं.

तुमच्या आजारपणात मी दर रविवारी पुण्याहून यायचे. तुम्ही खाटेवर उशीला टेकून बसलेले, दाढी केलेली, धुतलेला सदरा. मी तुमच्या मनगटाकडे बघते, ताटातल्या भाकरीकडे बघते. "बरं हाय की. काय बघतीस सारखं?" तुम्ही म्हणता आणि आणखी एक घास घेता. परतताना मला एसटीत शांत झोप लागायची.

तुम्ही गेल्यावर कितीतरी महिन्यांनी, शेंगा फोडता फोडता आई बोलली. "तू यायची म्हटलं की पहाटंपासनं तयारी. दाढी करा, सदरा द्या, बसतं करा. तू एसटीत बसली की भिंतीकडं तोंड. दोन दोन दिस पानी सुदिक नगं म्हनायचं."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"शपथ घातलेली त्येंनी. म्हनलं, पोरगी लांबनं येती. तिनं बरं बघून जावं."

इतके रविवार मी जे पाहिलं ते माझ्या येण्यानं तयार झालेलं होतं. मधल्या दिवसांतले तुम्ही फक्त आईला ठाऊक आहात. मी तिला विचारते. ती सांगू लागते, कसे कण्हायचात, कुणाला हाक मारायचात. आणि मी चहा ठेवायला उठते.

हे पाठवायला पत्ता नाही. असता तरी पाठवलं नसतं. तुम्हाला वाटलं असतं, बेत फसला. फसलेला नाही, आप्पा. सगळं कळूनही डोळे मिटले की दाढी केलेले तुम्हीच दिसता, आणि मी दुसरं काही तिथं येऊ देत नाही.