गायरानावरची माझी सही

मी, धनंजय कवडू भोयर, वय चोवीस, शिक्षण सातवी, राहणार चिंचझरी, तालुका समुद्रपूर, जिल्हा वर्धा, सध्या राजस्थानात विजेच्या टॉवरवर कामाला, दारू न पिता आणि कोणाच्या दबावात न येता हे मृत्युपत्र लिहितो. डोकं ठिकाणावर आहे, फक्त तापलेलं आहे. दोनशे फुटांवर काम करणाऱ्याचा नेम नसतो, म्हणून आत्ताच लिहितो.

एक. घर आणि बँकेत असेल ते माझी आई देवकाबाई हिचं. मोटरसायकल बहीण आकांक्षाची. पोरगी गाडी चालवते म्हणून बोलणाऱ्यांनी पायी जावं.

दोन. बकऱ्या आईच्याच आहेत. त्या चरतात ते गायरान कोणाच्या बापाचं नाही, म्हणून मी ते कोणाला देऊ शकत नाही. सरपंच ओमप्रकाशने मात्र देऊन टाकलं, गिट्टीच्या खदानीला. ठरावावर माझी सही आहे. ग्रामसभा झाली त्या दिवशी मी इथे टॉवरवर लटकलो होतो.

तीन. सही खोटी नाही. बाहेर कामाला जाणारी आमची पोरं निघण्याआधी ग्रामसभेच्या रजिस्टरात कोऱ्या पानांवर सह्या करून जातात, नाहीतर कोरम भरत नाही. ओमप्रकाश माझा वर्गमित्र, त्याच्या निवडणुकीत मीच भोंगा घेऊन फिरलो. तो म्हणाला, "कर ना बे सही, तुले काय वाचाचं हाय त्याच्यात?" बस सुटत होती. चार पानांवर केल्या.

खदानीचं समजल्यावर फोन केला, तर म्हणतो, "तुयीच सही हाय. मंग आता तुले काऊन तकलीफ होऊन राह्यली?" आईने एवढंच विचारलं, "बकऱ्या कुठी नेऊ रे?"

चार. सदाशिवराव गुरुजींनी आम्हा दोघांना एकाच बाकावर शिकवलं. जुन्या शहाण्यांचं ते सांगायचे, जो कायदा प्रजेला तोच राजाला, आणि राज्य सांभाळायला दिलेलं असतं, खायला नाही. ओमप्रकाश हेच पाठ करून पंधरा ऑगस्टला टाळ्या घ्यायचा. गुरुजी आणखी एक सांगायचे. ज्याला सभेत बसायचा कंटाळा, त्याच्यावर त्याच्याहून हलका माणूस राज्य करतो. ते माझ्यासाठी होतं. मी तेव्हा खिडकीबाहेर पाहत होतो.

पाच. माझा कामाचा दोर ओमप्रकाशला द्यावा. आमच्या टोळीत ज्याने दोर बांधला तोच त्यावर पहिला चढतो, मुकादमही सुटत नाही. सरपंचाने खदानीच्या सुरुंगाजवळ आधी आपली खाट टाकावी, मग ठराव वाचावा. जमत नसेल तर खुर्चीवरून उतरावं.

सहा. चारपैकी एकच पान वापरलं गेलं. तीन अजून त्याच्याकडे कोरी आहेत, खाली माझी सही. त्यांवर पुढे काहीही लिहिलं तरी ते माझं नाही, आणि खदानीच्या ठरावावरची सहीही मी परत घेतो. जिवंत असलो तर पुढच्या ग्रामसभेत स्वतः उभा राहून बोलेन, तिकीट काढलं आहे. नसलो तर आकांक्षाने हा कागद सभेत मोठ्याने वाचावा. मध्ये कोणी खाली बस म्हटलं तरी बसू नये.

साक्षीदार: १) भूपेंद्र तडस, मुकादम २) रजत मेश्राम, राहणार देवळी. दोघांना आधी पूर्ण वाचायला लावलं. रजत म्हणाला, "एवढं कोन वाचते बे." मी पेन दिला नाही. मग वाचलं.

ठिकाण: टॉवर नंबर सदतीसखालचा तंबू, जिल्हा जैसलमेर
दिनांक: ९ नोव्हेंबर २०२५

सही: धनंजय कवडू भोयर

सहीखाली अर्धं पान उरलं होतं. त्यावर मी या टोकापासून त्या टोकापर्यंत तिरपी रेघ मारली आहे.